तळघरातला रॉकेलचा वास

वास पहिल्यांदा आजींना आला.

एप्रिलात सलग तीन दिवस पाऊस झाला होता. बार्शीहून नातवंडांजवळ राहायला आलेल्या आजी कपड्यांची बादली घेऊन तळघरात निघाल्या आणि पायरीवरूनच मागे फिरल्या. "खाली स्टो कुणी पेटवला होता का रे?" मुलाला काही कळेना. घरात स्टो नव्हता आणि रॉकेल त्यानं पंचवीस वर्षांत पाहिलंही नव्हतं. सुनेला वाटलं, कपडे धुण्याच्या यंत्राचा काहीतरी वास असेल. तिनं तळघरात सुगंधी मेणबत्ती लावली. दुसऱ्या दिवशी आजी म्हणाल्या, "मेणबत्तीनं झाकतंय होय? तीस वर्षं वातीच्या स्टोवर स्वयंपाक केलाय मी."

तिसऱ्या दिवशी मला फोन आला. मी पहिलं वाक्य बोलले ते असं, "आधी ती मेणबत्ती विझवा आणि खिडक्या उघडा."

मी भूजलतज्ज्ञ आहे. सातारा जिल्ह्यातल्या खेड्यातून पुणे विद्यापीठात आणि तिथून न्यू जर्सीत आले. गेली एकवीस वर्षं लोकांच्या अंगणात भोकं पाडून खालची माती आणि पाणी वाचायचं काम करते. तिथल्या एडिसन गावातल्या मराठी मंडळींत मला 'टाकीवाल्या ताई' म्हणतात. गणपतीची आरती झाली की प्रसादाच्या रांगेत कुणीतरी हळूच विचारतं, "ताई, एक घर बघतोय. १९५८ सालचं आहे. टाकी असेल का हो?" या प्रश्नाला बसल्या जागी उत्तर देता येत नाही, म्हणूनच माझा धंदा चालतो.

अंगणातली शिट्टी

न्यू जर्सीत आज बहुतेक घरं नैसर्गिक वायूवर तापतात. दुसऱ्या महायुद्धानंतर या वसाहती उभ्या राहिल्या तेव्हा मात्र घरोघरी तेलाची भट्टी असायची. भट्टी तळघरात आणि तेलाची पोलादी टाकी अंगणात पुरलेली, बहुधा ५५० गॅलनची, म्हणजे सुमारे २,०८० लिटरची. टाकीतून दोन नळ्या वर यायच्या. एकीतून तेल भरायचं, दुसरीतून आतली हवा बाहेर पडायची. हवेच्या वाटेत एक शिट्टी बसवलेली असे. टँकरवाल्यानं तेल सोडलं की आत कोंडलेली हवा शिट्टी वाजवत निघायची. शिट्टी थांबली की टाकी भरली.

पुढे गॅस आला. भट्ट्या बदलल्या. कुणीतरी नळ्या जमिनीलगत कापल्या आणि वर हिरवळ लावली. टाकी तळाच्या तेलासकट खालीच राहिली. पुढच्या मालकाला कुणी सांगितलं नाही आणि त्याच्या पुढच्याला सांगणारं कुणी उरलं नाही. पेट्रोल पंपांच्या टाक्यांना अमेरिकेत देशव्यापी नियम आहेत, पण घर तापवण्याच्या तेलाच्या टाक्या त्यांतून वगळल्या आहेत. त्यामुळे कुठल्या अंगणात काय पुरलंय याची पुरती यादी कुणाकडेच नाही.

आमचा तपास यंत्रापासून सुरू होत नाही, चौकशीपासून सुरू होतो. त्या घरी गेले ती आधी तळघराच्या भिंती बघत फिरले. पूर्वेच्या भिंतीत, जुन्या रंगाखाली, करंगळीहून बारीक अशा दोन तांब्याच्या नळ्या कापून चिमटलेल्या दिसल्या. एक तेल आणायची, दुसरी जास्तीचं तेल टाकीकडे परत न्यायची. नळ्या आहेत म्हणजे त्यांच्या दुसऱ्या टोकाला कधीतरी टाकी होती. समोरच्या घरातल्या ऐंशीच्या पुढच्या बाईंना विचारलं. त्यांना टाकी आठवत नव्हती, पण शिट्टी आठवत होती. टँकर डाव्या बाजूला, झुडपापाशी उभा राहायचा, असं त्या म्हणाल्या. मग धातुशोधक फिरवला. झुडपापासून दीड मीटरवर तो किंचाळला.

टाकी उकरायची तर नगरपालिकेचा परवाना लागतो. टाकी काढल्यावर जो खड्डा उरतो त्याला आमच्या धंद्यात 'ग्रेव्ह' म्हणतात, म्हणजे थडगं. आधी उरलेलं तेल उपसतात, मग टाकीच्या माथ्यावर झाकण कापून माणूस आत उतरतो आणि तळाचा काळा गाळ पुसून काढतो. मग टाकी वर उचलून तिच्यावरची माती खरवडतात. खरवडण्यापर्यंत टाकी चांगली वाटू शकते, कारण गंजानं पाडलेली भोकं गंजच बुजवून ठेवतो. त्या दिवशी पोटाकडून ओली माती निघाली आणि एकामागोमाग अकरा भोकं उघडी पडली. सगळ्यांत मोठं भोक भरण्याच्या नळीच्या बरोबर खाली होतं. तेल किती उरलं हे बघायला वर्षानुवर्षं त्या नळीतून काठी सोडली जाते. काठीचं टोक दर वेळी पत्र्याच्या त्याच जागी आपटतं आणि तो पत्रा झिजतो. शिवाय हवेतल्या ओलाव्याचं पाणी टाकीच्या तळाशी साचतं, कारण तेल पाण्यावर तरंगतं. म्हणजे टाकी बाहेरून मातीनं आणि आतून पाण्यानं, दोन्हीकडून कुरतडली जाते.

लोक विचारतात, एवढ्याशा भोकातून असं किती जाणार? हिशेब करून बघा. सेकंदाला एक थेंब आणि थेंब मिलिलिटरच्या विसाव्या भागाएवढा धरला तरी दिवसाला सव्वाचार लिटर होतात. वर्षाला दीड हजार लिटरच्या पुढे जातात. टाकीत तेल असेपर्यंत हा थेंब रात्रंदिवस पडत राहतो.

गळती दिसली की राज्याच्या पर्यावरण खात्याच्या चोवीस तास चालणाऱ्या दूरध्वनीवर लगेच कळवावं लागतं. मी खड्ड्याच्या काठावर उभी राहूनच फोन लावला आणि वीस मिनिटांत प्रकरणाला क्रमांक मिळाला. तो क्रमांक लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत येणार आहे.

माती काय सांगते

एडिसनखाली लाल शेल आहे, सुमारे वीस कोटी वर्षांपूर्वीच्या चिखलाचा दगड झालेला. कोकणातल्या जांभ्याची आठवण व्हावी असा त्याचा रंग असतो. टाकीखालच्या त्या लाल मातीत मला राखाडी, किंचित हिरवट पट्टे दिसले. मातीचा लालपणा गंजलेल्या लोहामुळे असतो. तेल पोचलं की जमिनीतले जिवाणू ते खायला लागतात आणि आसपासचा प्राणवायू संपवतात. तो संपला की याच लोहावर ते आपला श्वास चालवतात, आणि लोहाचं रूप बदललं की माती फिकी पडते. त्यामुळे तेल कुठवर गेलं याचा कच्चा नकाशा मातीनं आधीच रंगवून ठेवलेला असतो.

पक्का नकाशा आपण काढायचा. एक यंत्र पोकळ नळी जमिनीत ढकलतं आणि पारदर्शक आवरणातला मातीचा लांब ठोकळा वर येतो. मी तो सुरीनं उभा चिरते, दर अर्ध्या फुटाची चिमूट माती झिपच्या पिशवीत घालते, पिशवी चोळते, थोडा वेळ ठेवते आणि वाफ मोजणाऱ्या यंत्राचं नाक आत खुपसते. वरच्या मातीत आकडा शून्याच्या आसपास, टाकीच्या तळाच्या पातळीला तो उसळतो, मग उतरतो आणि पाण्याच्या पातळीजवळ पुन्हा चढतो. हा दुसरा चढ महत्त्वाचा. तेल पाण्यापर्यंत उतरलं आणि त्याच्यावर तरंगत राहिलं, असा त्याचा अर्थ.

आजींना पावसानंतरच वास का आला, याचं उत्तरही इथेच आहे. पाण्याची पातळी वर्षभर वरखाली होते आणि वर तरंगणारं तेल तिच्याबरोबर चढत-उतरत वाटेतल्या मातीला माखत जातं. तीन दिवसांच्या पावसानं पातळी वर आली, तळघराच्या फरशीजवळ पोचली आणि फरशीच्या भेगांतून वाफ आत शिरली. कोरड्या मार्चमध्ये त्याच तळघरात कुणालाच काही कळलं नव्हतं.

पाण्याचा नमुना घ्यायची बाटली जेमतेम चाळीस मिलिलिटरची, काचेची असते. ती काठोकाठ भरायची, तोंडावर पाण्याची घुमटी आली की झाकण लावायचं, मग उलटी करून तळहातावर टिचकी मारायची. आत मोहरीएवढा बुडबुडा दिसला तरी बाटली नापास. जे मोजायचं आहे ते पाण्यातून त्या बुडबुड्यात पळून जातं. मग बर्फाची पेटी आणि सोबत एक कागद. बाटली कुणी भरली, कुणी नेली, कुणी घेतली, प्रत्येक हातबदलाची सही आणि वेळ. पुढे प्रकरण कोर्टात गेलं तर वकील आधी हा कागद मागतो, प्रयोगशाळेचा आकडा नंतर.

तीन विहिरी आणि माझी चूक

पाण्यात तेल सापडलं की पुढचा प्रश्न येतो, ते जातंय कुठे? जमिनीखालच्या पाण्याला उतार असतो आणि तो वरच्या जमिनीच्या उतारासारखाच असेल असं नाही. तो कळायला किमान तीन विहिरी लागतात. आजींनी विचारलं, "दोन पुरत नाहीत?" मी म्हटलं, चुलीचं आठवा. दोन दगडांवर पातेलं कसंही कलंडतं, तिसरा दगड ठेवला की ते एकाच पद्धतीनं बसतं. दोन ठिकाणची पाण्याची उंची कळली तर पाण्याचा पृष्ठभाग अनेक बाजूंना कललेला असू शकतो. तिसरी कळली की एकच कल उरतो.

हातभर रुंदीच्याही नसलेल्या तीन विहिरी खोदल्या. पाणी स्थिरावायला दोन आठवडे दिले. प्रत्येक विहिरीच्या काठाची उंची तीन मिलिमीटरपर्यंत अचूक मोजून घेतली. मग फितीच्या टोकाला संवेदक असलेलं यंत्र आत सोडलं. तेलाला टेकलं की ते सलग वाजतं, पाण्याला टेकलं की तुटक. एका विहिरीत सलग आवाज जेमतेम क्षणभर आला आणि मग तुटक सुरू झाला. तेलाचा पातळ थर होता. तिन्ही उंच्या कागदावर मांडल्या. पाण्याचा उतार आग्नेयेला, ओढ्याच्या दिशेला निघाला. मी चौथी विहीर त्या बाजूला, थोडी पुढे खोदायला सांगितली. तिचा नमुना स्वच्छ आला. तीन महिन्यांनी पुन्हा घेतला, तोही स्वच्छ. मी खूश झाले. आजींच्या मुलाला म्हटलं, तेल फार लांब गेलेलं नाही.

त्या उन्हाळ्यात ईशान्येच्या शेजाऱ्यांनी कुंपणाचा खांब रोवायला खड्डा घेतला आणि त्यांना डिझेलसारखा वास आला.

चूक माझी होती, आणि ती माझ्या हातून व्हायलाच नको होती. लाल शेलचे थर वायव्येकडे हलकेच कललेले आहेत. थरांमधल्या भेगा त्यांच्याच पातळीत पसरतात. पाणी दगडातून झिरपत नाही, त्या भेगांतून पळतं, आणि सगळ्यांत सोपी वाट त्याला थरांच्या लांबीच्या दिशेनं, ईशान्य-नैर्ऋत्य मिळते. माझा नकाशा पाण्याचा दाब बरोबर दाखवत होता. पाण्याला वाट कुठल्या बाजूला मोकळी आहे, हे त्यात नव्हतं. पन्हाळीतलं पाणी छपराच्या उताराला सोडून पन्हाळीच्या दिशेनं जातं, तसंच हे. न्यू जर्सीतल्या भूजलतज्ज्ञाला ही गोष्ट पहिल्या वर्षी शिकवतात. मी ती अठरा वर्षं दुसऱ्यांना शिकवत होते, आणि ओढा समोर दिसत होता म्हणून विसरले. पाचव्या विहिरीचा खर्च त्या कुटुंबावर पडला. त्यानंतर मी कुठल्याही अहवालात दगडाच्या थरांची दिशा पहिल्या पानावर लिहिते.

शेवटी दोन ट्रक माती उचलली, उरलेल्या तेलावर काही वर्षं नजर ठेवली. जिवाणूंनी आपलं काम केलं. पाणी स्वच्छ होईपर्यंत तिथे पिण्यासाठी विहीर घेऊ नये, अशी त्या तुकड्याची सरकारदरबारी नोंद झाली. निदान पुढच्या मालकाला या वेळी कुणीतरी सांगेल.

नाक आणि आकडा

माझ्या धंद्याच्या इतिहासात पहिला साक्षीदार बहुतेक वेळा असाच असतो, कुणाचं तरी नाक. मेक्सिकोतल्या ग्वादालाहारात २२ एप्रिल १९९२ ला गटारं फुटून रस्तेच्या रस्ते उडाले. अधिकृत आकड्यानुसारही दोनशेहून अधिक माणसं गेली. पेट्रोलची पोलादी नळी आणि जस्ताचा मुलामा दिलेली पाण्याची नळी एकमेकींजवळ आल्यानं पोलाद गंजलं आणि पेट्रोल गटारात उतरलं. स्फोटाआधी काही दिवस लोक वासाच्या तक्रारी करत होते. होनोलुलूत नोव्हेंबर २०२१ मध्ये रेड हिलच्या नौदल साठ्यातलं इंधन पिण्याच्या पाण्यात गेलं. जमिनीखाली वीस अजस्र टाक्या, आणि त्या पाणीपुरवठ्यावर सुमारे ९३,००० माणसं. तिथेही नळाच्या पाण्याला इंधनाचा वास येतोय हे आधी घराघरांतून कळलं.

अमेरिकेनं ही गोष्ट उशिरा मनावर घेतली. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला गंजलेल्या टाक्या आणि बाटलेल्या विहिरींच्या बातम्या घरोघरी पोचल्या. १९८४ मध्ये काँग्रेसनं कायदा केला, १९८८ मध्ये नियम आले आणि जुन्या टाक्या सुधारायला किंवा काढायला १९९८ च्या डिसेंबरपर्यंत मुदत मिळाली. तेव्हापासून तिथे साडेपाच लाखांहून जास्त गळत्या नोंदल्या गेल्या आहेत. त्यांतल्या बहुसंख्य साफही झाल्या.

नियम असूनही गळती कशी लपते, ते हिशेबाच्या वहीत बघावं. पंपावर रोज टाकीत काठी सोडून साठा मोजतात आणि विक्रीशी ताडून बघतात. आपल्याकडेही डिप रॉडला पाणी ओळखणारी पेस्ट लावून हेच करतात. पाणी लागलं की पेस्टचा रंग बदलतो. अमेरिकी नियमात महिन्याच्या तफावतीची सवलत विक्रीच्या १ टक्का अधिक १३० गॅलन अशी आहे. एक लाख गॅलन विकणाऱ्या पंपाला म्हणजे १,१३० गॅलनची, सव्वाचार हजार लिटरहून जास्त तफावत 'ठीक' धरली जाते. म्हणूनच आता दुहेरी भिंतीच्या टाक्या आल्या. दोन भिंतींमधल्या पोकळीत ओल आली की संवेदक बोंब मारतो.

नाकालाही मर्यादा आहे, आणि ती नेमकी धोक्याच्या जागी येते. पेट्रोलमध्ये बेन्झीन असतं आणि त्यानं रक्ताचा कर्करोग होतो. भारतात बीएस-६ पेट्रोलमध्ये ते जास्तीत जास्त १ टक्का चालतं. म्हणजे एका लिटरमध्ये १० मिलिलिटर, वजनानं ८.८ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेनं पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १० मायक्रोग्रॅमची मर्यादा सुचवली आहे. भागाकार केला तर त्या एका लिटरातलं बेन्झीन ८ लाख ८० हजार लिटर पाणी त्या मर्यादेपर्यंत न्यायला पुरतं. म्हणजे दहा हजार लिटरचे ८८ टँकर. प्रत्यक्षात काही उडून जातं, काही जिवाणू खातात. पण पाण्यात नुसत्या बेन्झीनची चव कळायला लिटरमागे निदान अर्धा मिलिग्रॅम लागतं, म्हणजे मर्यादेच्या पन्नासपट. वास आला तर पाणी पिऊ नये. वास गेला म्हणून प्यावं, असं मात्र होत नाही.

जिवाणूंवरही किती विसंबायचं, याचा धडा कॅलिफोर्नियानं दिला. १९९५ मध्ये लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेनं तिथल्या गळत्या अभ्यासल्या. बेन्झीनचा पट्टा सहसा २५० फुटांपलीकडे जात नव्हता, कारण जिवाणू त्याला वाटेतच संपवत होते. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. पुढच्याच वर्षी सांता मोनिका शहरानं आपल्या मुख्य विहिरी बंद केल्या. हवा स्वच्छ राहावी म्हणून पेट्रोलमध्ये घातलेलं एमटीबीई त्यांत उतरलं होतं. ते पाण्यात सहज विरघळतं आणि जिवाणूंना ते फारसं रुचत नाही. शहराच्या निम्म्याच्या आसपास पाण्यावर पाणी सोडावं लागलं आणि त्या विहिरी सावरायला दशकाहून जास्त काळ गेला. आता आपल्याकडे पेट्रोलमध्ये इथेनॉल आहे. ते जिवाणूंना फार आवडतं आणि अडचण तीच आहे. पंगतीत आधी इथेनॉल वाढलं जातं, प्राणवायू त्यावरच संपतो आणि बेन्झीन न खाल्लेलं पुढे सरकतं.

दादाची विहीर

दोन वर्षांपूर्वी दिवाळीला गावी गेले, तर दादा म्हणाला, "अगं, तू तिकडं लोकांच्या जमिनी हुंगत फिरतीस, जरा आपली विहीर हुंग." पावसाळा संपल्यापासून पाण्यावर तवंग येत होता. विहिरीपासून दीडएकशे मीटरवर, रस्त्यापलीकडे, पेट्रोल पंप आहे.

तवंग म्हणजे तेलच असं नाही. लोहावर जगणारे जिवाणूही इंद्रधनुषी साय धरतात. म्हणून आधी काडी घेतली. साय काडीनं तोडली आणि तिचे पापुद्र्यासारखे तुकडे झाले तर ती जिवाणूंची. तुटून पुन्हा लगेच एकत्र आली तर तेल. दादाच्या विहिरीतली साय काडी काढताच जुळली. मी पुतण्याला विहिरीत उतरायला मनाई केली, कारण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि विहिरीच्या तळाशी साचते. माणूस गुदमरतोही आणि ठिणगीनं भडकाही उडतो. विजेची मोटर बंद ठेवली. वहिनी म्हणाल्या, "उकळून घेतलं तर?" उकळल्यानं ती वाफ फक्त स्वयंपाकघरात येते, तीही पेटत्या शेगडीपाशी.

एडिसनमध्ये मला विहिरी खोदाव्या लागतात. गावात त्या आधीच खोदलेल्या आहेत. दादाची, चुलत्यांची आणि ओढ्यापलीकडची, अशा तीन. पुतण्याला घेऊन फितीला खडू चोळला, खडू ओला झाला त्या खुणेवरून पाणी किती खोल ते मोजलं. गावातल्या गवंड्यानं पाणी भरलेल्या पारदर्शक नळीनं तिन्ही काठांच्या उंच्या जुळवून दिल्या. दोन तास लागले, चहा मात्र चारदा झाला. तिन्ही आकडे वहीच्या पानावर मांडले. पाण्याचा उतार पंपाकडून दादाच्या विहिरीकडे होता.

एडिसनची चूक आठवून मी तिथेच थांबले नाही. आपल्याकडे काळा कातळ, वर मुरूम, आणि पाणी कातळाच्या भेगांतून आणि दोन थरांच्या सांध्यातून धावतं. चुलत्यांच्या विहिरीच्या भिंतीत तो सांधा उघडा दिसत होता आणि तिथून झरा येत होता. त्याचंही टिपण केलं. शिवाय उन्हाळ्यात दादाची मोटर तासन्तास चालते. विहीर उपसली की चहूबाजूंचं पाणी तिच्याकडे ओढलं जातं, तेलासकट. पंपानं काय केलं हे यातून सिद्ध होत नाही, हे मी दादाला स्पष्ट सांगितलं. टाकी, नळी, जुना एखादा सांडवा, काहीही असू शकतं. पण कुठे खोदून बघायचं, हे या पानावरून सांगता येतं.

आपल्याकडे यंत्रणा नाही असंही नाही. पंपांना परवाना देणाऱ्या पेसो या केंद्रीय संस्थेचं मुख्यालय नागपुरातच आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं जानेवारी २०२० मध्ये नवे पंप शाळा, रुग्णालयं आणि वस्तीपासून ५० मीटर दूर हवेत, अडचण असेल तरी ३० मीटरच्या आत नकोत, असं सांगितलं. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा गावोगावच्या निरीक्षण विहिरींची पातळी मोजते. तक्रारदाराकडे मात्र बहुतेक वेळा फक्त "वास येतो" एवढंच वाक्य असतं.

आम्ही काचेची बाटली उकळून, वाळवून काठोकाठ भरली. प्लास्टिकची घेतली नाही, कारण तेलातले घटक प्लास्टिकमध्ये शोषले जातात. पुतण्यानं ती उलटी करून टिचकी मारली. पहिल्या खेपेला बुडबुडा आला. "परत," मी म्हटलं.

दादा अर्ज घेऊन कार्यालयात गेला. पहिल्यांदा साहेब दौऱ्यावर होते. दुसऱ्यांदा अर्ज दुसऱ्या टेबलाचा निघाला. तिसऱ्या खेपेला टेबलामागच्या माणसानं विचारलं, "वास येतो, हे कशावरून?" दादानं काही न बोलता वहीचं पान पुढे केलं. तीन विहिरी, तीन आकडे आणि एक बाण. त्या माणसानं पान उलटसुलट बघितलं, बाणावर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे कुणी काढलं?" मग शिक्का उचलला.

एडिसनला वीस मिनिटांत मिळालेला क्रमांक सातारा जिल्ह्यात तीन खेपांनी मिळाला. दादानं फोनवर मला आवक क्रमांक वाचून दाखवला, अंक न् अंक सुटा करून. मी तो लिहून घेतला आणि एडिसनच्या फाइलशेजारी नवी फाइल उघडली.